उचलू की, वहिनी

आमच्याकडे जेवायला कोणी नवीन माणसं आली की गोड वाढून झाल्यावर माझा नवरा ती गोष्ट सांगतो. मी व्हीलचेअरवर, धक्क्याला लागलेली धाऊ, चढायला अरुंद फळी, आणि मग त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं, परदेशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धाऊ म्हणजे जुन्या अरबी धाटणीचं लाकडी गलबत. दुबईच्या खाडीत ती संध्याकाळी दिवे लावून फिरवतात आणि आत जेवण देतात. गोष्ट संपेपर्यंत समोरच्या बाईचे डोळे पाणावलेले असतात. ती माझ्याकडे वळून म्हणते, "किती नशीबवान आहात हो तुम्ही." मी श्रीखंडाचं भांडं तिच्याकडे सरकवते.

त्या गोष्टीत खोटं काही नाही. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की तो कुठे थांबून पाणी पितो तेही मला पाठ झालंय. माझ्या बाजूने ती मी कधी कोणाला सांगितली नाही, कारण पाहुण्यांसमोर नवऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही हे आपल्याकडे बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. इथे पाहुणे नाहीत, म्हणून सांगते.

मला अगदी लहानपणी पोलिओ झाला. कॉलेज होईपर्यंत मी पायांना लोखंडी कॅलिपर लावून कुबड्यांवर चालले. मुलगी झाल्यावर खांद्यांनी असहकार पुकारला आणि मी व्हीलचेअर घेतली. लोक 'खुर्चीला खिळली' म्हणतात त्याचं मला हसू येतं. खुर्चीत बसले तेव्हापासून मी खरी भटकायला लागले. सपाट जमीन दिली तर आजही मी नवऱ्याला मागे टाकते. ती कोणी देत नाही एवढीच अडचण.

२००८ची मंदी आली तेव्हा आम्ही शारजात अल नहदाला राहायचो. रस्ता ओलांडला की दुबई. बिल्डिंग चांगली होती, दोन लिफ्ट, लॉबीत आरशासारखा चकचकीत संगमरवर, कृत्रिम फुलांचा मोठा घडा. आणि दाराबाहेर तीन पायऱ्या. बांधणाऱ्याला फुलांचा घडा सुचला होता, रॅम्प सुचला नव्हता. गाडी समोरच्या वाळूच्या मैदानात लावायची, त्यामुळे घराबाहेर पडायचं म्हणजे त्या तीन पायऱ्या आल्याच.

त्यावरचा तोडगा म्हणजे चौकडी. माझा नवरा बांधकाम कंपनीत, आणि त्याचे तीन मित्र, तिघेही पुण्या-मुंबईकडचे, मराठी मंडळात ओळख झालेली. एक बँकेत, एक टॉवरमधले फ्लॅट विकणाऱ्या कंपनीत आणि तिसरा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या दरवाजांच्या कारखान्यात. मी त्यांना बँकवाले भाऊजी, टॉवरवाले भाऊजी आणि दरवाजेवाले भाऊजी म्हणायचे. माणसं सोन्यासारखी, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार नाही. कुठेही जायचं ठरलं आणि मी विचारलं की तिथे पायऱ्या आहेत का, तर उत्तर ठरलेलं असायचं.

"असू देत की. आम्ही आहोत ना. उचलू की, वहिनी."

उचलण्यात उचलणाऱ्याला फार समाधान असतं. ज्याला उचलतात त्याला कोणी विचारत नाही. चार बाजूंनी चार जण, एकाची बोटं चाकात अडकलेली, एकाचा हात नेमका माझ्या मांडीला लागलेला, तो बिचारा कानकोंडा आणि मी त्याहून. ओढणी कुठल्यातरी स्क्रूमध्ये. "वहिनी, मोदक जरा बेतानं हां," हा विनोद दर वेळी व्हायचा आणि दर वेळी मी हसायचे, कारण ज्यांच्या हातात आपण अधांतरी लटकलोय त्यांच्यावर रुसून भागत नाही. बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी बेताने प्यायचं, कारण तिथल्या बाथरूमलाही पायरी असणारच. आणि परत निघायचं ते चौघांना निघावंसं वाटेल तेव्हा. मला कंटाळा आलाय, किंवा मला अजून थांबायचंय, असं मी त्या काळात कधी म्हटल्याचं आठवत नाही.

मंडळाच्या गणपतीत हॉलच्या दाराशी एक वाक्य दरवर्षी व्हायचं. "आधी बाप्पा, मग वहिनी." आम्हा दोघांना त्याच चौघांनी आत न्यायचं. सगळे हसायचे, बायका तर कौतुकाने बघायच्या. आपल्याकडे माणसाला चौघांनी उचलायची वेळ एकदाच येते, आणि तेव्हा त्याला काही कळत नसतं. मला दर शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सगळं कळत असायचं.

आणि माझी नोकरी काय, तर लोकांना फिरवायची. बर दुबईतल्या एका टूर कंपनीसाठी मी घरून फोन घ्यायचे. पुण्या-नाशिकहून, कोल्हापूरहून चौकशा यायच्या, कंपनीच्या शेठना मराठी बोलणारं माणूस हवं होतं. वाळवंटात जीपच्या उड्या, उंटाची रपेट, धाऊवरचं जेवण, सगळं मी इतकं रंगवून सांगायचे की समोरचा माणूस फोनवरच बॅग भरायला घ्यायचा. "धाऊवर वरच्या डेकवरच बसा हं काका, वारा छान लागतो, दोन्ही काठांचे दिवे दिसतात." वरचा डेक मी पाहिलेला नव्हता. खालचाही नव्हता. एकदा शेठनी सगळ्या स्टाफला धाऊ दाखवायला नेलं होतं. फळी अरुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली, आणि त्या दिवशी चौकडी नव्हती. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून मुलींच्या पर्सा सांभाळल्या.

मग मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन्स एक एक करून थांबल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. माझा फोन दिवसचे दिवस गप्प. नवऱ्याचा पगार कंपनीने निम्मा केला, 'तात्पुरता' म्हणून. शेठनी ऑफिसातल्या मुलींना एकेक करून नारळ दिला. मला ठेवलं, पण किती दिवस ते त्यांनाही माहीत नसावं. घरभाडं माझ्या पगारावर चाललं होतं, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नव्हतो.

एका संध्याकाळी नवरा चहा घेताना म्हणाला, "तुझंही खलास झालं तर तुम्ही दोघी पुण्याला जा. मी इथे कोणाबरोबर तरी शेअरिंगमध्ये राहतो. सहा महिने, वर्ष. परिस्थिती सुधारली की परत."

पुण्याला म्हणजे सासरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. लग्नानंतर काही महिने मी तिथे राहिले होते. तेव्हा कुबड्यांवर कसेबसे जिने उतरता यायचे, आता तेही शक्य नव्हतं. तिथे जाणं म्हणजे काय हे मला नीट माहीत होतं. सणासुदीला, लग्नाकार्याला, आजूबाजूचे चार जण मोकळे असले तर खाली. बाकी गॅलरी. नोकरी गेली तर माझा फक्त पगार जाणार नव्हता, दार जाणार होतं. मी त्याला म्हटलं, नोकरी जाणार नाही. कशी ते मलाही ठाऊक नव्हतं.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा दिवसभर बाल्कनीत बसायचे. पांढरा सदरा, कानटोपी, आणि मांडीवर ट्रान्झिस्टर. मुलाने दुबई दाखवायला आणले असणार, आणि गुडघ्यांनी किंवा कशाने तरी दगा दिला असणार. सकाळी मुलगा-सून कामावर जायचे, आजोबा वाळूचं मैदान, गाड्या आणि कचऱ्याचे डबे बघत बसायचे. मी कपडे वाळत घालताना हात करायचे, ते ट्रान्झिस्टर उंचावून उत्तर द्यायचे. अल नहदात अशा बाल्कन्या किती होत्या ते एकदा बघायला लागल्यावर दिसायला लागलं. आमच्या मजल्यावर दोन. मंडळातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक. "बाबांना नाही झेपणार," असं म्हणून मुलं आपली बायकापोरं घेऊन सफारीला जायची.

मी शेठना फोन लावला. ते मुंबईतले गुजराती, मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत.

"शेठ, बाहरसे लोग आना कम हो गया. पर जो इधरही बैठे हैं उनका क्या?"

"कौन बैठे हैं?"

"सबके माँ-बाप. व्हिजिट व्हिसा पे आते हैं और बाल्कनी में बैठके वापस जाते हैं. व्हीलचेअरवाली टूर कोई बेचताही नहीं."

ते म्हणाले, "आयडिया अच्छा है. पर धाऊ पे चढ़ेंगे कैसे? आप खुद तो नहीं चढ़ी. एक बार मेरे सामने चढ़के दिखाओ, बिना हंगामे के. फिर मैं छापता हूँ, और आपही संभालो."

बिना हंगामे के. अट अगदी रास्त होती. मला शेठचा आजही राग नाही.

त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी कामाला लागले. धाऊचा मॅनेजर केरळचा होता. त्याने फोनवर टाळाटाळ केली, "मॅडम, पानी ऊपर-नीचे होता है ना, बोर्ड कभी चढाई, कभी उतराई." तो नकार देत होता, पण त्यातच मला वाट दिसली. भरतीला गलबताचा काठ धक्क्याच्या वर जातो, ओहोटीला खाली. म्हणजे मधे कधीतरी दोन्ही एका पातळीला येत असणार. दुबईच्या वर्तमानपत्रात नमाजाच्या वेळांशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात. त्या वाचायच्या आणि मॅनेजरला फोन करायचा, "आत्ता काठ कुठे आहे?" आधी तो वैतागला. मग त्यालाच नाद लागला, तोच फोन करायला लागला, "मॅडम, अभी एकदम लेव्हल." असं करत आम्ही एक संध्याकाळ पक्की केली. पाहुणे चढायच्या वेळी पाणी नेमकं बरोबरीला येणार होतं आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहणार होतं.

फळी दरवाजेवाल्या भाऊजींनी करून दिली. त्यांच्या कारखान्यात एका रखडलेल्या टॉवरचे दरवाजे पडून होते, घरंच झाली नाहीत तर दारं कुठे लावणार? त्यातल्या एका दाराची त्यांनी माझ्या खुर्चीच्या मापाने फळी केली. दोन्ही कडांना पट्ट्या, चाक घसरू नये म्हणून वर रबर. "हत्ती चढला तरी हू की चू करणार नाही," असं म्हणत त्यांनी ती आमच्या हॉलमध्ये टेकवली. काम खरंच सुरेख होतं. नवरा ऑफिसला गेला की मी ती उंबरठ्यावर टाकून ये-जा करायचे. मुलगी शाळेतून आली की दारात उभी राहून बघायची. "आई, यू आर सो फास्ट," ती म्हणायची. मला फार बरं वाटायचं. पोटच्या पोरीने आपल्याला 'फास्ट' म्हणावं हे माझ्या हिशेबात कधी नव्हतं.

नवऱ्याला मी बजावून सांगितलं होतं. तू फक्त गाडीतून खुर्ची काढून दे. पुढे हात लावायचा नाही. तो म्हणाला, "अगं, कळलं. तुझा दिवस आहे."

माझा दिवस म्हणून त्याने तिघांनाही बोलावलं होतं. सगळे ऑफिसमधून थेट आले, टाय सैल केलेले. मला धीर द्यायला. आम्ही खाडीवर पोचलो तेव्हा शेठ आधीच येऊन उभे होते. मॅनेजरने मला लांबूनच अंगठा दाखवला. मी धक्क्याच्या कडेला जाऊन बघितलं. काठ आणि धक्का अगदी एका रेषेत. मधे हातभर पाणी. एवढंच.

फळी टेम्पोतून उतरवली होती, पण खलाशांना आधी त्यांची नेहमीची फळी काढून दोर हलवायचा होता. त्यात थोडा वेळ जात होता. माझ्यामागे पाहुणे जमायला लागले. मंदीत असतात तेवढेच, एक मल्याळी कुटुंब, काही रशियन, एक पंजाबी म्हातारी पदराने वारा घेत उभी. कोणी तक्रार करत नव्हतं. रशियन बाई फोटो काढत होती.

पण माझ्या नवऱ्याची चुळबुळ सुरू झाली. ती मला पाठमोरी असतानाही कळते. आपल्या माणसाला स्वतःची गैरसोय चालते, बायकोची तर चालतेच, पण परका माणूस आपल्यामुळे खोळंबलाय म्हटलं की त्याचा जीव नुसता वर-खाली होतो. हॉटेलात वेटर थकलेला दिसला तर आपण हवं ते मागवत नाही. रांगेत मागचा खाकरला तर सुटे पैसे न मोजता पुढे सरकतो. सगळी सभ्यता आपण अनोळखी लोकांसाठी राखून ठेवलेली असते.

"लोक खोळंबलेत गं," तो कानाशी येऊन म्हणाला.

"दोन मिनिटं. बोर्ड लावतायत ना."

"सगळे आपल्याकडेच बघतायत. कशाला एवढं लांबवायचं? आम्ही आहोत की चौघं."

"नाही हं. अजिबात नाही."

"उचलू की, वहिनी," मागून टॉवरवाले भाऊजी म्हणाले, आणि चारी बाजूंनी चार हात आले. ते इतके सरावले होते की 'एक दोन तीन'ही म्हणावं लागत नसे. माझी चाकं जमिनीवरून सुटली. मी जोरात म्हटलं, थांबा. मी किंचाळले असेन. मी ब्रेक ओढला, हवेत ब्रेक ओढून काय होणार?

"घाबरू नका वहिनी, पडू नाही देणार," बँकवाले भाऊजी म्हणाले. त्यांना वाटलं मी पाण्याला भ्यायले.

खाली धक्क्यावर फळीचं एक टोक खलाशाच्या हातात होतं आणि दुसरं अजून जमिनीवर. माझी मुलगी तिच्याशेजारी उभी होती. "बाबा, पुट हर डाऊन," ती म्हणाली. "शी हॅज द बोर्ड." कोणी ऐकलं नाही. मला त्या पाण्यावरून नेऊन डेकवर ठेवलं. रशियन मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पंजाबी म्हातारीने माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चौघे घामाघूम आणि खूश.

शेठ माझ्या फळीवरून आत आले. तोवर ती लागली होती. त्यांच्यामागे सगळे पाहुणे त्या फळीवरून आले, तिच्यावरून न आलेली मी एकटीच.

"आपके लोग बहुत अच्छे हैं," शेठ म्हणाले. "लेकिन चार आदमी, मॅडम. हर टूर में चार आदमी मैं किधरसे लाऊँ? और कोई बुज़ुर्ग हाथसे छूट गया तो?"

"शेठ, बोर्ड है. आप अभी उसीपे चलके आए. उतरते टाइम देखिए."

"देखते हैं."

पण उतरायची वेळ झाली तोवर भरती चढली होती. काठ धक्क्याच्या बराच वर गेला होता, फळी घसरगुंडीसारखी उभी. मॅनेजरने माझ्याकडे बघून मान हलवली. पुन्हा चौघं, पुन्हा मोदकांचा विनोद. मी शेठना म्हटलं, उद्या परत एकदा, फक्त तुम्ही आणि मी. ते म्हणाले, "इन्शाल्ला." आखातात राहिलेल्या माणसाला कळतं, या सुरात आलेल्या 'देवाची इच्छा असेल तर'चा अर्थ 'नाही' असा असतो. महिनाअखेरीला त्यांनी मला कमी केलं. सीझन आला की बोलावतो म्हणाले. साठवलेल्या पैशांवर आम्ही घरभाडं भरत राहिलो, म्हणून लगेच निघावं लागलं नाही.

वर नेऊ का, असं चौघांनी धाऊवर विचारलं होतं. वरच्या डेकवर वारा छान लागतो म्हणे. मी नको म्हटलं. रात्रीचं जेवण मी खाली बसून जेवले, चव आठवत नाही.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला सगळं सुनावलं. नोकरी गेली माझी आज, तुला कळतंय का, म्हटलं. मुलगी मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. तो खरोखर गोंधळला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, शिक्षा कशाबद्दल झाली ते न कळलेल्या शाळकरी मुलासारखा.

"पण चढलीस ना शेवटी?" तो म्हणाला. "मग झालं की."

त्यानंतर मी त्या विषयावर बोलले नाही. बोलून बोलून किती बोलणार? फळी बाल्कनीत गेली. खालच्या तीन पायऱ्यांवर टाकू म्हटलं, तर वॉचमन म्हणाला, मॅनेजमेंट नको म्हणते, लोक अडखळतील. नवऱ्यालाही ते पटलं. पुन्हा लोक. त्या वर्षी घरच्या गणपतीला चौरंगाखाली तीच फळी घातली, वर जरीचं कापड. तिच्यावर बाप्पा छान दिसतात असं सगळ्यांनी सांगितलं.

समोरच्या बाल्कनीतले आजोबा एक दिवस दिसले नाहीत. खुर्ची होती, दुसऱ्या आठवड्यात तीही आत गेली. व्हिसा संपला असेल. मी त्यांच्यासाठी काही करू शकले असते असं नाही, पण धाऊवर पहिल्या खेपेला त्यांनाच न्यायचं मी मनात धरलं होतं. त्यांनी दुबई पाहिली ती म्हणजे वाळूचं मैदान, गाड्या आणि कचऱ्याचे डबे. आणि कपडे वाळत घालणारी मी.

मग माझे उचलणारे जायला लागले. आधी टॉवरवाले भाऊजी, त्यांचे टॉवर कोणी घेईना. मग बँकवाले. त्यांना शेवटचं भेटायला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या जिन्यापाशी मी गाडीतच बसून राहिले, कारण उचलायला दोघंच उरले होते आणि तीन पायऱ्या सोडल्या तर आख्खा जिना दोघांना मी झेपत नाही. ते खाली येऊन खिडकीतून हात देऊन गेले. इतकी वर्षं रॅम्पचं नाव काढलं की ही माणसं म्हणायची, आम्ही आहोत ना. ती होती तोवर खरंच होती. आता ती नव्हती आणि पायऱ्या जागच्या जागी होत्या. संताप होत होता, आणि तो काढायचा कोणावर? नोकरी गेलेल्या माणसांवर?

दरवाजेवाले भाऊजी शेवटी गेले. कारखाना बंद पडला. निघायच्या आधी बायकोला घेऊन निरोप घ्यायला आले, बरोबर कुकर, मिक्सर, मसाल्यांचे डबे, जे नेता येणार नव्हतं ते सगळं आमच्या घरात ठेवायला. त्यांची बायको आत माझ्या मुलीला जवळ घेऊन रडत होती. भाऊजी सिगरेट ओढायला बाल्कनीत गेले. तिथे फळी आडवी टाकून मी तिच्यावर कांदे-बटाट्याची टोपली आणि तुळस ठेवली होती.

"अरे, ही अजून ठेवलीय तुम्ही?" त्यांनी तिच्या कडेवरून हात फिरवला. "बघा, एवढी केली आणि लागलीच नाही. आपण असंच चढवलं तुम्हाला."

मी टोपलीतले कांदे सारखे केले.

"खरं सांगू वहिनी? इथे येऊन काय कमावलं म्हणाल तर काही नाही. पण त्या दिवशी तुम्हाला धाऊवर नेलं ना, तेवढं एक काम चांगलं झालं हातून. आईलाही फोनवर सांगितलं मी."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तुमच्याच हातची फळी होती, भाऊजी, आणि तुम्हीच तिला माझी चाकं लागू दिली नाहीत, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण माणूस सगळं हरून चालला होता. बरोबर न्यायला त्याच्याकडे तेवढं एकच होतं. मी म्हटलं, "हो, भाऊजी. चांगलं झालं." चांगुलपणाने म्हटलं असं नाही. त्यांना खरं सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, आणि सांगितलं नाही याची चीड आजवर गेलेली नाही.

आता काही वर्षांपासून आम्ही परत दुबईतच आहोत, अल बर्शाला. बिल्डिंगला रॅम्प आहे. मेट्रोत माझी चाकं फलाटावरून सरळ आत जातात, कोणी वळूनही बघत नाही. हॉटेलं जाहिराती देतात, त्यात माझ्यासारखी माणसं समुद्राकडे बघून हसत असतात. सरकारी बोलण्यात आम्हाला आता दृढनिश्चयी लोक म्हणतात. ऐकायला छान वाटतं. निश्चय तर माझा तेव्हाही होता, वर फळीसुद्धा होती. चौकडीतला नवरा तेवढा उरला, आणि तो पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो.

पण मला तेव्हाच्या, पुण्याला जायच्या दिवसाचं सांगायचं होतं. भाऊजी गेल्यावर दोन महिन्यांत नवऱ्याच्या कंपनीने उरलेला निम्मा पगारही थकवायला सुरुवात केली आणि आम्ही पुण्याची तिकिटं काढली. माझं आणि मुलीचं. बॅगा टॅक्सीत गेल्या. मी लॉबीत, त्या फुलांच्या घड्याशेजारी. नवरा आणि वॉचमन माझ्याकडे आले आणि खुर्चीला दोन्ही बाजूंनी वाकले.

"फळी आण," मी म्हटलं.

"अगं, आता शेवटचं..."

"वरून फळी आण."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि गेला. तुळस आणि टोपली खाली काढून ठेवायला त्याला जरा वेळ लागला असावा. वॉचमनने मॅनेजमेंटचं नाव काढलं नाही. तीन पायऱ्यांवर ती पुरली, पण उतार तीव्र होता, म्हणून मी खुर्ची फिरवली आणि पाठमोरी उतरायला लागले, तोंड बिल्डिंगकडे करून, दोन्ही चाकं तळव्यांनी आवळत. रबर चांगलं धरत होतं. नवरा मागे हात पसरून उभा होता.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. या वेळी त्याने ऐकलं.

मी खाली आले. तळवे सोलवटले होते. मुलीने नेहमीसारखं 'फास्ट' वगैरे काही म्हटलं नाही, ती टॅक्सीचं दार उघडून उभी होती. फळी पायऱ्यांवर तशीच राहिली. मी बसले आणि खुर्ची डिकीत गेली तेवढ्यात पुण्याहून दिराचा फोन आला. निघालात का, असं विचारत होता.

"निघालोय," मी म्हटलं.

"वहिनी, जिन्याचं टेन्शन अजिबात घेऊ नका," तो म्हणाला. "तिसरा मजला म्हणजे काही फार नाही. सोसायटीतली पोरं सांगून ठेवलीत, आम्ही चौघं खाली उभेच राहतो. उचलू की."